पाचचा शिक्का, सहाचा माल

गुढीपाडवा होऊन आठवडा झाला असेल. सकाळी सातच्या सुमारास वाशीहून दलालाचा फोन आला. बाबांनी तो स्पीकरवर टाकला, म्हणून मीही ऐकला. आदल्या संध्याकाळी आमच्या शेडमधून गेलेल्या पाच डझनी पेट्यांपैकी एक गिऱ्हाइकासमोर फोडली, तर आत एकोणसाठ आंबे. दुसरी फोडली, तिच्यावर शिक्का पाचचा आणि आत माल सहाचा. दलाल चिडला नव्हता. तो एवढंच म्हणाला, ‘भाऊ, तुमच्या पेटीला असं कधी झालं नव्हतं.’ बाबांना तेच जास्त लागलं.

ज्यांना पेटीचा हिशोब माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पेटीचं माप साधारण ठरलेलं असतं, त्यामुळे तिच्यात किती डझन बसतात यावरून फळ केवढं ते कळतं. चार डझनी म्हणजे मोठा आंबा, सात डझनी म्हणजे बारीक. बाजारात सगळी पेटी उलगडून कोणी बघत नाही. एकदोन पेट्या फोडतात आणि बाकीच्यांवर शिक्क्याच्या भरवशावर भाव लावतात. एक पेटी खोटी निघाली की तिच्याबरोबर अख्खा लॉट उतरतो. म्हणून शिक्का मारणाऱ्या माणसावर शेडचं नाव अवलंबून असतं, आणि आमच्याकडे ते माणूस म्हणजे काकी.

काकींचं नाव मी इथे लिहीत नाही. ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदलले आहेत. हे लिहू का, असं त्यांना विचारलं होतं. लिहिलेलं वाचून दाखवलं तेव्हा दोन ठिकाणी त्यांनी मला दुरुस्त केलं, त्या दुरुस्त्या खाली आल्या आहेत. आमची बाग देवगड तालुक्यात, कातळाच्या सड्याला लागून. काकी शेजारच्या वाडीतल्या. वय पन्नाशीच्या आत, नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन गेलेली. आमच्या शेडमध्ये त्यांचा हा एकोणिसावा हंगाम. मी सिंधुदुर्गातल्याच एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते आणि हंगामात जमेल तेवढी घरी येते. एरवी वर्गात फळ्यावर लिहिते त्या गोष्टी त्या महिन्यात डोळ्यांसमोर घडत होत्या. तरी पहिले दोन-तीन दिवस मला त्या ओळखता आल्या नाहीत.

दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं. शेजारच्या बागेचा थोडा माल आमच्या शेडमध्ये भरला जातो. त्यातल्या चार पेट्यांवर आमची खूण पडली होती. गाडी सुटायच्या आधी ते लक्षात आलं म्हणून निभावलं. पण शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, काकींची नजर गेली. कोणी म्हणालं, वय झालं. आणि एक बाई हळूच म्हणाली, मुद्दाम तर करत नसतील? हे शेवटचं काकींच्या कानावर गेलं. त्यानंतर त्या कामात बोलेनाशा झाल्या.

नजरेची शंका आधी फेडून घेतली. देवगडला डोळे तपासले. जवळचा चष्मा होता तोच बरोबर निघाला. मग मी एक साधं काम केलं, शेडमध्ये वही घेऊन बसले. आठ दिवस प्रत्येक चूक लिहिली: कोणती, किती वाजता, आणि त्याच्या आधीच्या तासाभरात काय झालं. गाडीत चढण्याआधी दर पाचवी पेटी उघडून मोजायचं ठरवलं. काकींना सांगूनच हे केलं. त्या म्हणाल्या, ‘बघ गो बाय, माका पण कळूचा आसा.’

वहीत काय आलं ते सांगण्याआधी एक दृश्य लिहिते, कारण त्या दृश्याने मला वही वाचायला शिकवलं.

दुपारचे तीन वाजले असतील. वर पत्रे तापलेले, खाली गवताचा वास. काकी पाटावर बसलेल्या, पुढ्यात क्रेट. त्यांचे डोळे भरलेले होते आणि त्या बाहेर काजीच्या झाडाकडे बघत होत्या. हात मात्र थांबला नव्हता. उजव्या हाताने आंबा उचलायचा, अंगठा देठाच्या बाजूला टेकवायचा, आंबा तयार आहे का ते कळायला त्याचा खांदा, म्हणजे देठालगतची बाजू, भरलाय का आणि देठाशी खड्डा पडलाय का ते चाचपायचं, तळहातावर तोलायचा आणि वजनाप्रमाणे ढिगात टाकायचा. एक आंबा त्यांनी अर्ध्यावर थांबवला, बोटाने फिरवला आणि कॅनिंगच्या टोपलीत टाकला. मी तो उचलून पाहिला. पाठीवर फळमाशीचा टोचा होता, सुईच्या टोकाएवढा. काकींनी त्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. आणि त्याच मिनिटाला पेटी भरणाऱ्या मुलीला त्या म्हणाल्या, ‘छत्तीस.’ मुलीने पुढचं फळ लावलं. काकी पुन्हा म्हणाल्या, ‘छत्तीस.’

मी विचारलं, ‘काकी, टोचो कसो दिसलो तुमका?’

‘हात बघतत गो, माका बघूचा लागणा नाय.’

‘मग मोजणी?’

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. ‘मोजतंय मोजतंय आणि आकडो मधीच खंय जाता ता कळना नाय.’

वहीत नेमकं हेच उमटलं होतं. आठ दिवसांत चौदा चुका सापडल्या. त्यात खराब फळ आत गेल्याची एकही नाही. कोवळा आंबा तयार म्हणून गेलेला नाही, डागी फळ वरच्या थरात आलेलं नाही. सगळ्या चुका मोजणीच्या, शिक्क्याच्या, किंवा कोणाचा माल कोणता हे लक्षात ठेवण्याच्या. नजर अधू झाली असती तर आधी टोचे निसटले असते. कामाकडे लक्षच नसतं तर देठ मोडलेलं फळही निसटलं असतं. संध्याकाळी पाच-सहाला गाडी भरायची घाई असते, माणसं थकलेली असतात. त्या वेळात चुका अगदी थोड्या होत्या. म्हणजे नुसत्या थकव्यानेही हे सुटत नव्हतं. चौदापैकी अकरा चुका दुपारी दोन ते चारमध्ये पडलेल्या होत्या, किंवा एका ठरावीक फोननंतरच्या अर्ध्यापाऊण तासात.

फोन मुंबईहून येत होता. काकींच्या भावाचा.

आणखी एक नोंद मला फार मोलाची वाटते. त्याच आठवड्यात काकींच्या मुलीचेही फोन आले, कामाच्या मध्येच, चांगले दहा-दहा मिनिटांचे. त्यानंतर चुका वाढल्या नाहीत. काम तुटणं दोन्हीकडे सारखंच. फरक होता तो फोन ठेवल्यावर मनात मागे काय उरतं याचा. एका माणसाच्या आठ दिवसांच्या वहीवरून काही सिद्ध होत नाही, हे मी वर्गात सांगते आणि इथेही सांगते. पण पुढे काय बघायचं ते वहीने दाखवलं.

भावाचं म्हणणं असं. वडिलांच्या नावावरची माहेरची जमीन विकायला गिऱ्हाईक आलंय, सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, तर ताईने हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद, करून द्यावा. दोन दिवसांसाठी मुंबईहून येईन तेव्हा निबंधक कार्यालयात जाऊन सही करून टाकू. कधी गोडीने, कधी घाईने, आणि एकदा व्हॉट्सॲपवरच्या आवाजी निरोपात, ‘एवढं पण करणार नाहीस का माझ्यासाठी?’ कोकणातल्या बायकांना हा प्रसंग नवा नाही. भाऊबीजेला ओवाळलेला हात आणि हक्कसोडपत्र पुढे करणारा हात एकच असतो. त्याला हो म्हणावं तर पोटात तुटतं, नाही म्हणावं तर माहेर तुटतं.

काकींना पैशांचा मोह नव्हता. ‘माका पैशे नकोत,’ त्या मला म्हणाल्या. ‘पण तेणी माका इचारूक व्हया होता. तो सांगता, इचारणा नाय.’ मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं की त्यांना भावाचा राग आला होता. वाचून दाखवल्यावर त्यांनी ते खोडायला लावलं. राग असता तर बरं झालं असतं, राग निघून जातो, असं त्यांचं म्हणणं. त्यांना भाऊ आठवत होता तो लहानपणचा, पावसात त्यांच्या पाठीवर बसून व्हाळ ओलांडणारा. माया, अपमान, आपण वाईट ठरू ही भीती आणि आपलाच हक्क मागताना वाटणारी लाज, सगळं एकमेकांत गुंतलेलं होतं. दिवसभर मनात घोळत राहतं ते असंच काहीतरी.

आता हे मोजणीत कसं शिरतं ते बघू.

आपण एखादा आकडा क्षणभर मनात धरून त्याच्यावर काम करतो, ती जागा फार लहान असते. मानसशास्त्रात तिला कार्यरत स्मृती म्हणतात. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली तिची मांडणी केली. पुढे २००१ साली नेल्सन कोवन यांनी बरेचसे प्रयोग एकत्र पाहून म्हटलं की या जागेत एका वेळी साधारण चारच गोष्टी मावतात. काकींच्या कामात ही जागा आधीच भरलेली असते: चालू आकडा, कितवा थर, कितीची पेटी, आणि माल कोणाचा. झाल्या चार. पाचवी गोष्ट आत आली की यातली एक बाहेर पडणार. ‘छत्तीस’ दोनदा म्हटलं गेलं तेव्हा सदतीसच्या जागेवर भाऊ येऊन बसला होता.

हातातलं ज्ञान मात्र त्या जागेत राहत नाही. एकोणीस हंगाम लाखो फळं हाताखालून गेली की खांदा भरलाय की नाही हे ठरवायला मनात काही धरून ठेवावं लागत नाही. म्हणूनच टोचे सापडत राहिले. आणि म्हणूनच बाहेरून बघणाऱ्याचा गैरसमज होतो. बाई तीच, हात तसाच झरझर चालतोय, मग चूक का? निष्काळजीपणाच असणार. कुजबुजणाऱ्या त्या बाईला मी दोष देत नाही. पण दुःखाने लक्ष जातं म्हणजे माणूस सगळीकडून ढासळतो असं आपण धरून चालतो, ते बरोबर नाही. दुःख एका विशिष्ट ठिकाणी घाव घालतं, आणि त्या माणसाचं सर्वात कौशल्याचं काम शाबूत दिसत राहतं.

मेंदूत डोकावून हे पाहिलं गेलेलं आहे. फ्लोरिन डॉल्कोस आणि ग्रेगरी मॅकार्थी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना काही चेहरे दाखवले आणि थोडा वेळ ते लक्षात ठेवायला सांगितलं. त्या मधल्या वेळात पडद्यावर दुसरीच चित्रं यायची, त्यांचा कामाशी संबंध नव्हता. ती चित्रं साधी असली तर फारसं बिघडत नसे. भावना ढवळणारी असली की चेहरे ओळखण्यात चुका वाढत. त्याच वेळी कपाळामागच्या वरच्या भागातली, म्हणजे गोष्ट धरून ठेवणाऱ्या भागातली, हालचाल मंदावे आणि अमिग्डालासारख्या भावनेशी जोडलेल्या भागांतली वाढे. आम्ही घरी टीव्ही बंद करून अभ्यास करायला सांगतो तो साध्या व्यत्ययावरचा उपाय. भावनेचा व्यत्यय तसा बंद करता येत नाही, कारण तो ज्या यंत्राने बंद करायचा त्याच यंत्रावर त्याचा हात असतो.

आणि आपल्याजवळचं उदाहरण हवं असेल तर तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचं आहे. अनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियाइंग झाओ यांनी २०१३ साली ते ‘सायन्स’मध्ये मांडलं. ४६४ शेतकऱ्यांना त्यांनी तोडणीच्या आधी, हात तंग असताना, आणि तोडणीनंतर, पैसे आल्यावर, अशा दोन्ही वेळी तपासलं. त्यात एक मोजणीचीच चाचणी होती. पाचाचा अंक तीनदा लिहिलेला, उत्तर द्यायचं ‘तीन’. तोंडात पाच येतं, ते अडवून मोजावं लागतं. तीच माणसं, तोडणीआधी हळू आणि चुकत, तोडणीनंतर सुधारलेली. तिथे मनात पैशांची ओढाताण होती, इथे माहेर होतं. पण मोजायला बसलेल्या माणसाच्या मनात जागा उरली नव्हती हे दोन्हीकडे खरं.

दुपारी दोन ते चारमधल्या चुकांचं कोडं मला उशिरा सुटलं. त्या वेळात फोन रोज येत नव्हता. पण यायचा तो त्याच वेळात, भावाच्या जेवणाच्या सुट्टीत. काकींच्या कमरेला कापडी पिशवीत फोन असे. त्या दोन तासांत त्यांचा डावा हात किती वेळा पिशवीकडे जाई ते मी एके दिवशी मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं, बघवेना. फोन आला त्या दिवसापेक्षा न आलेल्या दिवशी मन जास्त अडकलेलं होतं. मायकल आयझेंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मांडलेल्या विचारात हे नीट बसतं: चिंतेत लक्षाची दोरी आपल्या हातातून सुटून बाहेरच्या धोक्याच्या खुणेकडे ओढली जाते. माणूस जास्त जोर लावून काम निभावून नेतो, वरून सगळं ठीक दिसतं, पण आत खर्च वाढलेला असतो. काकी त्या दिवसांत घरी जाऊन न जेवता झोपत होत्या, हे त्यांच्या जावेकडून कळलं.

बाबांनी त्यांना एकदा बाजूला घेऊन सांगितलं होतं, अगदी प्रेमाने, ‘काकी, घरचा घराक ठेवा. हंय कामाक लक्ष द्या.’

काकी म्हणाल्या, ‘ठेवलंय भाऊ. पण ता आपणच पाठसून येता.’

आपल्याकडे हा सल्ला प्रत्येक शेडमध्ये, ऑफिसात, होडीवर दिला जातो. देणाऱ्याची कळकळ खरी असते, पण त्याने नुकसान होतं असं माझं स्पष्ट मत आहे. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. नंतर विचार करायची मोकळीक दिली तेव्हा, आधी दाबून ठेवलेल्यांच्या मनात अस्वल उलट जास्त आलं. एखादी गोष्ट येऊ द्यायची नाही म्हटलं की ती आली का हे बघत बसावं लागतं, आणि त्या पहाऱ्यालाही तीच चार खणांची जागा लागते. शिवाय काकी चेहराही सांभाळत होत्या. कुजबुज सुरू झाल्यापासून मुलींसमोर हसून बोलायचं, डोळे पुसायचे ते घाम पुसल्यासारखे. जेन रिचर्ड्स आणि जेम्स ग्रॉस यांच्या २००० सालच्या कामात हे आलंय: चेहऱ्यावर काही दिसू न देण्याची खटपट करणाऱ्यांना त्या वेळात सांगितलेली माहिती कमी आठवते. बाबांचा सल्ला काकींनी मनापासून पाळला, आणि त्यानंतरचे दोन दिवस वहीत सर्वात वाईट होते.

माझीही एक चूक नोंदवली पाहिजे. काकींचं ओझं कमी करावं म्हणून एके दुपारी मी शिक्के मारायचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं आणि एका मुलीला दिलं. माझ्या हिशोबाने चार गोष्टींतली एक कमी झाली. त्यांच्या हिशोबाने एकोणीस वर्षांचा विश्वास काढून घेतला गेला, आणि तोही सगळ्यांसमोर. त्या दिवशी त्या वाटणीतसुद्धा चुकल्या, बारीक फळ मोठ्या ढिगात गेलं. आधी शाबूत असलेला हातही मी बिघडवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पडवीत जाऊन माफी मागितली आणि शिक्का परत दिला. त्या काही बोलल्या नाहीत, चहा टाकला.

त्या चहापासून खरं काम सुरू झालं. मग मी रोज सकाळी शेडवर जाताना त्यांच्याकडे थांबू लागले. दहा-पंधरा मिनिटं. मी काही सुचवायचं नाही, त्यांनी जे मनात असेल ते बोलायचं. मनातलं मोकळं लिहून काढण्याचा उपाय अभ्यासलेला आहे. किटी क्लाइन आणि ॲड्रिएल बोल्स यांना २००१ साली दिसलं की तसं लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांची कार्यरत स्मृती पुढच्या आठवड्यांत सुधारते. काकी चौथी शिकलेल्या, सही करतात, पण लिहायला बसल्या तर लिहिण्यातच जीव जाईल. म्हणून बोलणं. लिहिण्याचा पुरावा बोलण्याला जसाच्या तसा लागू होतो असं मी म्हणत नाही.

शेडमध्ये आम्ही आकडा डोक्यातून बाहेर काढला. ही कल्पना काकींचीच, आणि ही त्यांची दुसरी दुरुस्ती, मी ती स्वतःच्या नावावर लिहिली होती. त्यांची आजी भात मापताना चिंचोके ठेवायची. पाटाशेजारी एक वाटी ठेवली, तिच्यात चिंचोके. डझन पुरा झाला की एक चिंचोका वाटीतून पाटावर. पाच डझनी पेटीला पाटावर पाच झाले की पेटी बंद, चिंचोके परत वाटीत. आणि शिक्का एरवी पेटी भरून झाल्यावर मारत, तो आता रिकाम्या पेटीवर आधीच मारायचा, माल कोणाचा ती खूणही आधी. आता मनात धरायला उरलं एक ते बारा. मन मध्येच मुंबईला जाऊन आलं तरी पाट जागेवर असतो.

फोनचं काय करायचं यावर बाबांचं आणि माझं जमेना. ते म्हणत, फोन शेडच्या कपाटात ठेवा. मला वाटत होतं, कपाटातला फोन कमरेवरच्या फोनपेक्षा जास्त वाजेल, मनात. शेवटी काकींनीच भावाला आवाजी निरोप पाठवला. तो त्यांनी चार वेळा बोलून पाहिला, चार वेळा पुसला. पाचव्यांदा पाठवला. एवढंच: दुपारी कामात असते, रोज दिवेलागणीनंतर सातला बोलू, जे सांगायचंय ते तेव्हा सांग. भावाने अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. त्या दिवशी दोन ते चारमध्ये त्यांचा हात पिशवीकडे गेला, पण थोडाच.

आणि शनिवारी आम्ही देवगडला गेलो, तालुका विधी सेवा समितीकडे. हे इथे मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण कित्येक बायकांना माहीत नसतं: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. तिथल्या वकीलबाईंनी शांतपणे समजावलं. हक्कसोडपत्र नोंदणी केल्याशिवाय होत नाही, आणि ते करून द्यायची सक्ती कोणी करू शकत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच. आधी सातबारा, आठ-अ आणि फेरफाराच्या नकला काढा, वारस म्हणून नाव लागलंय का बघा, मग ठरवा. ठरवायची घाई तुम्हाला नाही, गिऱ्हाइकाला आहे. काकींनी हे शेवटचं वाक्य परतीच्या एसटीत दोनदा म्हणून पाहिलं.

प्रश्न सुटला नव्हता, तरी त्या रात्री त्या जेवल्या. रॉय बॉमायस्टर आणि ई. जे. मासिकॅम्पो यांनी २०११ साली दाखवलेली गोष्ट मला इथे फार खरी वाटते. अर्धवट राहिलेलं काम दुसऱ्या कामात डोकावत राहतं, पण ते पुरं व्हायची गरज नसते. कधी, कुठे, काय करायचं याचा पक्का बेत झाला की डोकावणं कमी होतं. काकींच्या मनात भाऊ फिरत होता तो ‘काय करू?’ असा. सोमवारी नकला काढायच्या, सातला बोलायचं, सही हंगाम संपेपर्यंत नाही, एवढं ठरल्यावर त्याला बसायला जागा मिळाली.

पुढच्या आठ दिवसांत, तशीच दर पाचवी पेटी उघडून, दोन चुका सापडल्या. त्यातली एक भरणाऱ्या मुलीची. पण तोवर मालही थोडा कमी झाला होता, काकींना आपल्यावर कोणी संशय घेत नाही हे कळलं होतं, आणि झोपही सुधारली होती. यातलं कशाने किती झालं ते वेगळं काढता येणार नाही. चिंचोक्यांचं मात्र मी खात्रीने सांगू शकते, कारण ते एकदा नजरेसमोर कामी आले.

अक्षय्य तृतीयेला भाऊ स्वतः आला. सातची वेळ पाळली नाही. मिठाईचा खोका घेऊन सकाळी अकराला शेडच्या दारात उभा राहिला, काकींच्या पाया पडला, बागेतला आंबा खाल्ला आणि जाताना म्हणाला, ‘संध्याकाळी कागद घेऊन येतो.’ तो गेल्यावर काकी पाटावर बसल्या आणि मी वही उघडली. हात चालू होता, टोचे निघत होते. तिसऱ्या पेटीला मुलगी म्हणाली, ‘काकी, झाली पेटी?’ काकी म्हणाल्या, ‘झाली.’ मग त्यांनी पाटाकडे पाहिलं. चारच चिंचोके होते. पाचवा थोडा वेळ त्यांच्या मुठीत होता, घामाने ओला. त्यांनी तो वाटीत परत टाकला आणि म्हणाल्या, ‘एक डझन ऱ्हवलो. भर.’

संध्याकाळी भाऊ कागद घेऊन आला. काकींनी त्याला पडवीत बसवलं, जेवायला वाढलं आणि सांगितलं की सातबाऱ्यावर आधी माझं नाव लागू दे, मग तू मला विचार. सही झालेली नाही. भाऊ अजून फोन करतो, सातला.